अपयशाची ‘साक्ष’ कशी वाचायची? पंडिता रमाबाईंचे दोन कागद

मराठी ख्रिस्ती लेखनावर काम करायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात तुमची गाठ ‘साक्ष’ या शब्दाशी पडते. ही कोर्टातली साक्ष नव्हे. मंडळीसमोर उभं राहून आपण कुठे पडलो, कसे भरकटलो आणि देवाने कसं उचललं हे सांगायचं, त्याला साक्ष देणं म्हणतात. आमच्या मानपाड्यापासून कल्याणपर्यंत अनेक मराठी उपासनांमध्ये आजही ती ऐकायला मिळते.

संशोधकासाठी साक्ष मोठी अवघड चीज आहे, कारण सांगणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली बघितलं की प्रत्येक पायरी बरोबर जागी होती असंच वाटतं. प्रत्यक्ष पडताना जिना दिसत नसतो.

आपण एकच उदाहरण नीट बघू. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी. तोपर्यंत आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गेलेले. पदरात लहानगी मनोरमा. तिथे गेल्यावर कळलं की कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होणं शक्य नाही. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच संपलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या, संस्कृत शिकवलंही.

आता पहिला कागद. १९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तेव्हा केडगावचं मुक्ती मिशन उभं होतं, दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे राहत होत्या. त्यात त्या म्हणतात, बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे साधारण १८९१ ची गोष्ट. तोवर बाहेरून बघणाऱ्याला अपयशाचा मागमूसही दिसला नसता. अमेरिकेत पुस्तक गाजलेलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालेलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललेलं. आणि ही बाई म्हणतेय, त्या सगळ्या वर्षांत मी आतून रिकामी होते.

दुसरा कागद त्याच ‘रिकाम्या’ वर्षांतला आहे. रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला. नुसता चाळू नका, १८८५ ची पत्रं बसून वाचा. तिथे रिकामी, हरलेली बाई भेटतच नाही. भेटते ती भांडणारी बाई. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, तर नुसतं चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, हा त्यांचा पवित्रा. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती दुसऱ्या जोखडात का घालू, असा एकूण सूर. जेराल्डीनबाईंना हा सरळ अहंकार वाटतो. गंमत म्हणजे रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणायच्या. माया आहे, आणि मायेतच वाद आहे.

म्हणजे तीच वर्षं, तीच व्यक्ती. एका कागदात उणीव, दुसऱ्यात स्वाभिमान. खरं काय?

नवखा संशोधक इथे दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. श्रद्धाळू असेल तर म्हणतो की साक्ष हेच अंतिम सत्य, पत्रं म्हणजे अपरिपक्व काळातला हट्ट. चिकित्सक असेल तर म्हणतो की पत्रं खरी, साक्ष म्हणजे नंतर चढवलेला धार्मिक मुलामा. दोघेही एक कागद वापरून दुसरा गप्प करतात.

माझं वाचन असं आहे. पत्रांमध्ये रमाबाईंचा प्रश्न आहे, मी काय मानायचं? साक्षीत तो प्रश्न सुटलेला नाही, बदललाय. आता प्रश्न आहे, मी कुणावर विसंबायचं? आठ वर्षं आपल्या बुद्धीच्या आणि कर्तबगारीच्या जोरावर धर्म सांभाळला, तो भार उतरवला, असं त्या सांगतायत. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती इथे कागदावर पकडता येते. अपयश पुसलं गेलं नाही, उलट ज्याला कुणी अपयश म्हणत नव्हतं त्याला त्यांनी स्वतः ते नाव दिलं. १८८५ मध्ये हाच आरोप दुसऱ्याने केला तेव्हा त्यांनी तो झिडकारला होता, आणि माझ्या मते बरोबरच झिडकारला होता. दुसऱ्याने लादलेली अपराधी भावना आणि स्वतःला उमगलेली उणीव या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण एक नव्हेत.

या क्रमाकडे लक्ष द्या. बाहेरची मोठी पडझड याच्यानंतर आली. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या वादातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’ची टीका तर होतीच. आत शांती मिळाली म्हणून बाहेर यश मिळालं, असं साध्या साचातलं गणित इथे लागत नाही. तरी त्या काम सोडून गेल्या नाहीत.

आणखी एक सावधगिरी. पत्रांचा तो संग्रह मुळात जेराल्डीनबाईंनीच जुळवलेला आहे. शिष्या आपल्या वाटेने आली नाही म्हणून खट्टू झालेल्या गुरूने निवडलेले कागद. एखाद्याच्या अपयशाचं दप्तर कुणी सांभाळलं हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचाच.

तुलनेला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) घ्या. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधली वर्षं ताटातुटीची, अपमानाची. पण त्या स्वतःचं सोवळंओवळं, राग, फजिती असं काही सांगतात की वाचताना हसू येतं आणि पुढचं प्रकरण येईपर्यंत आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कळतच नाही. ज्याला साक्षीचा साचा मोडलेला बघायचाय त्याने तिथून सुरुवात करावी.

परवा मानपाड्यातल्याच एका मुलीने विचारलं, ‘ताई, पेट दोनदा नापास झाले. प्रार्थना करते, पण यातून देव काय शिकवतोय तेच कळत नाही.’ मी तिला १८८५ ची पत्रं वाचायला सांगितली. साक्ष नंतर वाच म्हटलं. रमाबाईंनाही त्या वर्षी कळलेलं नव्हतं, आणि कळलंय असा आव त्यांनी आणला नव्हता.

साक्षीची हद्दही ध्यानात ठेवा. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम तीच पुढे नेणार असं सगळे धरून चालले होते. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातात होतं. त्या महिन्यांबद्दल १९०७ ची साक्ष काहीच सांगू शकत नाही. तिथे जायचं तर पुन्हा त्या-त्या दिवसांचे कागदच शोधावे लागतात.