सूक्ष्मदर्शकाखालचं आकाश

भौतिकशास्त्राचं उपकरण म्हटलं की तारांची जाळी, काचेच्या नळ्या, थरथरणारे काटे डोळ्यांसमोर येतात. पण १९४५ ते १९५५ या काळात ज्या उपकरणानं अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतले नवनवे कण उघडकीला आणले, त्याला ना तार होती, ना वीज लागत होती, ना त्यात हलणारा एखादा भाग होता. काचेच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे दाणे गच्च भरलेले, एवढंच. छायाचित्रकाराच्या प्लेटची ही सख्खी बहीण, फक्त जाड. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेतले दाणे बाधित होतात, प्लेट धुतली की तेच दाणे काळे पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची एक रांग दिसते. त्या रांगेवरून कण कोणता, किती वेगानं आला, कुठे थांबला, हे काढायचं. या प्लेटला न्यूक्लिअर इमल्शन म्हणत.

या तंत्राचा मुंबईशी संबंध कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरू झाला, असं बहुतेकांना वाटतं. तो त्याआधी दहा वर्षं, गिरगाव चौपाटीसमोर सुरू झाला. भाईंदरहून चर्चगेटला जाणारी गाडी चर्नी रोडला थांबते. तिथून विल्सन कॉलेजची इमारत चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. एच. जे. टेलर तिथे भौतिकशास्त्र शिकवायचे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॉरिस गोल्डहाबर यांच्याबरोबर त्यांनी छायाचित्राच्या प्लेटा टाकणखाराच्या द्रावणात भिजवून एक सुंदर प्रयोग केला होता. टाकणखारातल्या बोरॉनच्या अणुकेंद्रकावर मंदगती न्यूट्रॉन आदळला की ते फुटतं आणि त्याचे तुकडे त्याच प्लेटवर आपली रेघ सोडून जातात. या प्रयोगावरचा निबंध १९३५ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी टेलर आणि व्ही. डी. दाभोळकर यांनी अल्फा कण इमल्शनमध्ये किती अंतर जाऊन थांबतात याची मोजणी लंडनच्या फिजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापली. कुठलाही गाजावाजा नसलेलं, पायाचं काम. रेघेच्या लांबीवरून कणाची ऊर्जा काढायची, तर आधी लांबी आणि ऊर्जा यांचं कोष्टक हवं. दाभोळकरांचं नाव आपल्याकडच्या विज्ञानाच्या गोष्टींत क्वचितच येतं, हे मला खटकतं.

त्याच सुमारास ऑस्ट्रियात मारिएट्टा ब्लाऊ आणि हेर्था वामबाखर यांनी इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार शिखरावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, प्लेटा महिनोन्‌महिने ठेवून दिल्या. खाली आणून धुतल्या, तेव्हा एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या रेघा त्यांत दिसल्या. विश्वकिरणाच्या आघातानं अख्खं अणुकेंद्रक फुटलं होतं. हे १९३७ सालचं. १९३८च्या सुरुवातीला कलकत्त्याला भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. तिथलं वाल्टर बोथे यांचं व्याख्यान ऐकून देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांवर प्लेटा नेऊन ठेवायला घेतल्या. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाचे कण त्यांना दिसले. पण युद्धामुळे जास्त संवेदनशील प्लेटा मिळेनात आणि काम तिथेच अडलं. ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेलना पुढे इल्फर्ड कंपनीनं खास बनवलेल्या, चांदीनं ठासून भरलेल्या प्लेटा मिळाल्या. १९४७ साली त्यांच्या गटानं पाय मेसॉन शोधला आणि १९५० साली पॉवेलना नोबेल मिळालं. आपल्या पुस्तकात त्यांनी बोस आणि चौधुरींच्या पूर्वीच्या कामाचा उल्लेख केला आहे. बिभा चौधुरी १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, संस्थेतल्या पहिल्या स्त्री संशोधक म्हणून.

पाय मेसॉनच्या शोधातली मोजणीची करामत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाय मेसॉन इमल्शनमध्ये थांबतो आणि मोडतो. त्यातून बाहेर पडलेला म्यू मेसॉन काही अंतर जाऊन थांबतो. हे अंतर दर वेळी जवळपास तेवढंच भरतं, सुमारे ६०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. अंतर दर वेळी सारखं, म्हणजे निघतानाची ऊर्जाही दर वेळी सारखी. मोडताना तीन तुकडे झाले असते, तर ऊर्जा कधी कमी, कधी जास्त वाटली गेली असती. ती सारखी राहते, याचा अर्थ तुकडे दोनच. एक दिसणारा, एक न दिसणारा. एवढा मोठा निष्कर्ष फूटपट्टीच्या तत्त्वावर निघाला.

आता मुंबईकडे वळू. होमी भाभांनी १९४५ साली टाटा संस्था सुरू केली ती बंगळूरला. त्याच वर्षाअखेर ती पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्याच्या अर्ध्या भागात आली. १९४९ साली गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला स्थिरावली. सगळ्या पत्त्यांवर विश्वकिरण हा पहिल्यापासूनचा विषय होता. हे किरण कुणाला दुर्मीळ वाटतील, पण भाईंदरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत हात पुढे धरला, तरी तळव्यातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे तोच म्यू मेसॉन, आरपार जातो. वर वातावरणात आदळणारे मूळ कण मात्र जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्यांच्यासाठी वर जावं लागतं. १९४४ साली भाभांनी अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून गायगर गणकांची मांडणी ३०,००० फुटांवर पाठवली होती. त्यानंतर उपकरणं वर नेणारे फुगे आले.

मूळ कणांच्या या मोजणीला दक्षिण भारत का सोयीचा, याचं कारण भूगोलात आहे. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र विषुववृत्ताजवळ कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावतं. तिथे साधारण १५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टांहून जास्त ऊर्जेचे प्रोटॉनच वरच्या हवेपर्यंत पोचतात. म्हणजे गाळणी निसर्गानंच लावून ठेवली होती. जड अणुकेंद्रकंही विश्वकिरणांत असतात, हे १९४८ साली अमेरिकेत फुग्यावरच्या इमल्शननं दाखवलं. ते दाखवणाऱ्यांपैकी बर्नार्ड पीटर्स मुंबईला आले आणि १९५८पर्यंत राहिले. हे ओपेनहायमरचे विद्यार्थी. मॅकार्थीच्या काळातल्या अमेरिकेत त्यांना सुखानं काम करणं अवघड झालं होतं. अमेरिकेचा तोटा, आपला फायदा. त्यांच्या हाताखाली देवेंद्र लाल आणि यश पाल ही दोन तरुण मुलं तयार झाली. पुढे दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रश्नांना उत्तरं देताना घराघरांत पोचलेले यश पाल, ते हेच.

पीटर्स, लाल आणि यश पाल या तिघांनी काचेचा आधार काढून टाकून नुसत्या इमल्शनच्या थरांचा गठ्ठा रचण्याचं तंत्र वापरलं. काचेवरच्या प्लेटमधून कण निघून गेला की त्याचा शेवट हातून निसटतो. गठ्ठ्यात तो एका थरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो आणि शेवटी कुठेतरी थांबतो. अट एकच: प्रत्येक थर आपल्या जागेवर नेमका बसला पाहिजे. म्हणून थरांवर खुणा उमटवायच्या, धुतल्यावर त्या जुळवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका थराच्या तळाशी संपलेली रेघ पुढच्या थराच्या माथ्यावर शोधायची. के मेसॉन आणि हायपेरॉन या नव्या कणांवरची मुंबईची निरीक्षणं याच पद्धतीनं झाली. १९५३ सालच्या जुलैत फ्रान्समधल्या बान्येर-द-बिगोर इथे विश्वकिरणांची परिषद भरली, तिथे ती मांडली गेली. त्या वेळी या कणांची नावंसुद्धा पक्की ठरलेली नव्हती.

मोजायचं काय? पहिली गोष्ट, ठिपक्यांची दाटी. कण मंद असेल तर ठिपके दाट, वेगवान असेल तर विरळ. म्हणून रेघेच्या ठराविक लांबीत ठिपके मोजायचे किंवा मधल्या मोकळ्या जागा मोजायच्या. दुसरी गोष्ट, रेघेचा वाकडेपणा. कण अणुकेंद्रकांजवळून जाताना प्रत्येक वेळी किंचित वळतो, म्हणून रेघ कधीच अगदी सरळ नसते. सूक्ष्मदर्शकाचा मंच ठराविक टप्प्यानं सरकवत प्रत्येक टप्प्यावर रेघ किती बाजूला गेली, ते नोंदवायचं. हे सरकणं मायक्रॉनच्या अंशात असतं. मंचाचा स्क्रू स्वतःच तेवढा डगमगला, तर ती डगमग कणाच्या नावावर जमा होते. त्यामुळे चांगला मंच बनवणारा कारागीर हा या प्रयोगाचा न दिसणारा भागीदार होता. दाटीवरून वेग कळतो, वाकडेपणावरून संवेग आणि वेग यांचा गुणाकार. दोन्ही एकत्र केले की वस्तुमान निघतं. त्या काळी हे सगळं माणसाच्या डोळ्यानं होई. तेलात बुडवलेल्या भिंगाखाली एका थराचा चौरस सेंटिमीटर तपासायलासुद्धा कितीतरी तास जात. ब्रिस्टलला या कामाला तरुण मुलींचा एक मोठा चमू असे. त्यांना भौतिकशास्त्राची पदवी लागत नसे, न कंटाळणारी नजर लागे. शोधनिबंधाच्या माथ्यावर मात्र त्यांची नावं फारशी येत नसत. अशा नजरेचा मोबदला कुठल्या खात्यात टाकायचा, हे विज्ञानाला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आणि हवा. भाईंदरच्या मिठागरांचं मीठ पावसाळ्यात बरणीतही ओलं होतं. जिलेटिन त्याहून हावरं आहे. ते दमट हवेतलं पाणी शोषतं, फुगतं आणि त्याची घनता उतरते. घनता उतरली की कण जास्त अंतर जाऊन थांबतो, म्हणजे तीच रेघ वेगळी ऊर्जा सांगू लागते. पुढे प्लेट धुतली की थरातून न वापरलेला ब्रोमाइड निघून जातो आणि थर मूळच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी उरतो. त्यामुळे उभ्या दिशेचं प्रत्येक माप या आकुंचनाच्या प्रमाणात वाढवून घ्यावं लागतं. ६०० मायक्रॉन जाडीचा थर धुणं ही वेगळीच विद्या. रसायन आत झिरपेपर्यंत पृष्ठभाग जादा धुतला जाऊ नये म्हणून ते आधी थंडगार, पाच अंशांच्या आसपास मुरवायचं, मग थर हळूहळू उबदार करून ते कामाला लावायचं. यातली एकही पायरी उरकता येत नाही. समुद्राकाठच्या दमट शहरात हे सगळं नीट सांभाळलं गेलं, याचं मला तरी त्या नव्या कणांइतकंच अप्रूप आहे.

मग कणांना वेग देणारी त्वरकयंत्रं आली. अमेरिकेत ब्रुकहेवनचं कॉस्मोट्रॉन आणि १९५४ साली बर्कलीचं बेव्हाट्रॉन सुरू झालं. हवे तेवढे मेसॉन प्रयोगशाळेतच तयार होऊ लागले. आकाशातून एखादा पडेल म्हणून फुगे सोडत बसण्याची गरज कमी झाली. मुंबईच्या गटातले लोक वेगवेगळ्या दिशांना पांगले. लाल आणि पीटर्स विश्वकिरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या बेरिलियमसारख्या किरणोत्सारी समस्थानिकांकडे वळले. पावसाच्या पाण्यात, समुद्राच्या गाळात त्यांचा माग काढू लागले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दुसऱ्या एका गटानं गणक उतरवले. तिथे १९६५ साली वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागली.

इमल्शन मात्र संपलं नाही. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या ओपेरा प्रयोगात टाऊ न्यूट्रिनोच्या ज्या दहा संभाव्य घटना सापडल्या, त्या शिसं आणि इमल्शनच्या विटांमधूनच. २०१७ साली खुफूच्या पिरॅमिडमधली मोठी पोकळी म्यूऑनच्या साहाय्यानं कळली, तीत जपानच्या नागोया विद्यापीठाच्या इमल्शनचा वाटा होता. फरक इतकाच की रेघा आता यंत्र शोधतं.

रेघांचा हा शोध इमल्शनपुरताही राहिला नाही. देवेंद्र लालांनी १९६९ नंतर चंद्रावरून आलेले दगड हाती घेतले. अपोलो यानांनी आणलेल्या खडकांचे नमुने टाटा संस्थेला मिळाले होते. दगडातल्या स्फटिकांतून जड अणुकेंद्रकं गेली की आत बारीक इजा राहते. रसायनानं ती कोरून मोठी केली की सूक्ष्मदर्शकाखाली रेघ दिसते. त्या रेघा मोजून खडक चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता, ते काढायचं. या विषयावरच्या निबंधांत लालांबरोबर भंडारी, भट, राजगोपालन, ताम्हणे आणि वेंकटवरदन ही नावं येतात. त्यांतले वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले.