तिन्हीसांजेचे रंगांतर

सूर्य मावळून घटकाभर झाल्यावर परसातल्या जास्वंदीकडे ज्याने निरखून पाहिले असेल, त्याच्या ध्यानात आले असेल की, दिवसा साऱ्या बागेत उठून दिसणारे ते तांबडे फूल आता काळसर पडलेले असते, आणि कुंपणावरची गोकर्णीची निळी फुले, जी भर दुपारी पानांच्या गर्दीत नजरेस पडत नव्हती, ती त्याच्या मानाने उजळ भासू लागतात.

बोहेमियात 1787 साली जन्मलेल्या यान पुर्किन्ये या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हाच प्रकार पहाटेच्या वेळी न्याहाळला आणि 1825 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केला, की उजाडताना निळा रंग आधी प्रतीतीस येतो आणि दिवसा सर्वांत झगझगीत वाटणारा तांबडा तेव्हा सर्वांत काळा दिसतो. या शोधास ना यंत्र लागले ना प्रयोगशाळा. लागली ती पहाटे उठून रंगांकडे पाहत बसण्याची चिकाटी, आणि तीच दुर्मीळ.

कारणाचा उलगडा मात्र 1866 साली माक्स शुल्ट्से याने निशाचर आणि दिनचर प्राण्यांच्या दृष्टिपटलांची तुलना केली तेव्हा होऊ लागला. डोळ्याचा कारभार दोन खात्यांकडे सोपविलेला आहे. सुमारे 60 लाख शंकुपेशींचा अंमल भरपूर उजेडात चालतो, तर सुमारे 12 कोटी दंडपेशी अंधुक प्रकाशासाठी तैनात असतात. शंकुपेशी तीन प्रकारच्या असून प्रत्येक प्रकार निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशास अधिक दाद देतो, आणि तिघींकडून आलेल्या वर्दीचा परस्परांशी ताळमेळ घालूनच रंगाचा निवाडा होतो. दंडपेशींचा प्रकार एकच. प्रकाश किती शोषला, एवढेच ती सांगू शकते. तो कोणत्या रंगाचा होता हे सांगणे तिच्या अखत्यारीबाहेरचे, म्हणून गडद अंधारात साऱ्या वस्तू करड्या दिसतात. शिवाय दिवसाची दृष्टी 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पोपटी प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील, तर दंडपेशींचा कल 500 च्या आसपास, निळसर हिरव्याकडे. तांबड्या प्रकाशाची दखल त्या जवळजवळ घेतच नाहीत. संध्याकाळी दोन्ही खाती काही काळ एकत्र चालत असल्यामुळे रंग पुरता लोपलेला नसतो, पण उजळपणाचे माप हळूहळू बदलत जाते, आणि बिचारी जास्वंद त्यात मागे पडते.

हे हस्तांतर सावकाश होते. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. 1876 साली फ्रान्ट्स बोल याने बेडकाच्या दृष्टिपटलात पाहिले की त्याची लाली उजेडात विरते. ते अंधारात पुन्हा पुरेसे साचण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्याच्या घडणीस अ जीवनसत्त्व अवश्य लागते, हे जॉर्ज वॉल्ड याच्या संशोधनाने सिद्ध झाले (त्याला 1967 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला), आणि त्या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा का जडतो, तेही त्यातून स्पष्ट झाले.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून मंद तारा सरळ रोखून पाहिल्यास नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूस वळविताच पुन्हा दिसतो. आकाशनिरीक्षक नकाशा वाचण्यासाठी मंद तांबडा दिवा जवळ बाळगतात, तोही याच हिशेबाने. त्या उजेडात शंकुपेशी अक्षरे वाचून घेतात आणि दंडपेशींत अर्ध्या तासाने साचलेले द्रव्य बव्हंशी शाबूत राहते.