मुंबईचा पावसाळा आणि परगावचा पाहुणा

मुंबईस पावसाळ्यात येणारा पाहुणा आपल्यासोबत छत्री आणतो; पथ्य मात्र गावीच ठेवून येतो. अग्निमांद्य, आध्मान, संधिशूल, कण्डू या त्याच्या तक्रारींचा विचार करताना देश व काल या दोहोंकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

मुंबई हा समुद्रवेष्टित आनूप देश. मराठवाडा वा राजस्थानसारख्या कोरड्या प्रदेशातून येणाऱ्यास हा बदल एका रात्रीच्या प्रवासात सोसावा लागतो. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षा ऋतूत प्रकुपित होतो, अग्नी मंदावतो आणि आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही. हवामान विभागाच्या २०२० च्या सुधारित तक्त्यानुसार मुंबईत पावसाचे सरासरी आगमन ११ जूनला व माघार ८ ऑक्टोबरला होते. ग्रंथोक्त श्रावण-भाद्रपदाची वाट न पाहता, ऋतूची लक्षणे दिसताच वर्षाचर्या सांगणे म्हणूनच इष्ट. पाऊस सरताच ऑक्टोबरचे ऊन तापते. तेव्हा पित्तप्रकोप ध्यानी घेऊन उष्ण-तीक्ष्ण योग आवरते घ्यावेत.

पाहुण्यास सांगावयाचे थोडके: पाणी उकळलेलेच प्यावे; जेवण ताजे, गरम व भूक लागल्यावरच घ्यावे; जेवणापूर्वी आले-सैंधव, आहारात जुने धान्य व मुगाचे कढण असावे; दिवास्वाप व उघड्यावरचे खाणे टाळावे; ओले कपडे व पादत्राणे त्वरित बदलावीत. रक्तदाबाच्या रुग्णास सैंधवही बेतानेच द्यावे.

एका बाबतीत मात्र हयगय नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. प्रत्येक ज्वरितास ‘साचलेल्या पाण्यातून चाललात काय?’ हा प्रश्न विचारावाच. ज्वरासोबत पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली असल्यास रक्ततपासणी करवावी. कावीळ, मूत्राल्पता वा श्वासकष्ट दिसल्यास केवळ काढ्यावर विसंबून न राहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. येथे एका दिवसाचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

औषधी विक्रेत्यांसही दोन शब्द. शार्ङ्गधरांनी चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते असे सांगितले आहे. दमट हवेत क्षार व लवणयुक्त चूर्णे त्याआधीच पाणी धरतात. पावसाळ्यात माल थोडा मागवावा, बरण्या घट्ट झाकाच्या व भिंतीपासून दूर ठेवाव्यात, चमचा कोरडा असावा. गाठी धरलेले वा बुरशीचा वास येणारे चूर्ण चाळून विकू नये. ते टाकूनच द्यावे. पाहुण्याचा आपल्या शास्त्रावरील विश्वास त्या पुडीतूनच त्याच्या गावी जात असतो.