कोकणची किनारवाट : हिशेब अंतराचा नव्हे, उजेडाचा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, दिवाळीची उलाढाल निवळते आणि व्यापारी कुटुंबांत सहलीचा विषय निघतो. अलीकडे अनेकांची पसंती मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत मोटारीने जाण्याला असते. महामार्ग क्रमांक 66 ने हे अंतर एका दिवसात तोडता येते. त्याच भरवशावर किनारवाटेचाही बेत दोन दिवसांत बसवला जातो आणि चूक तेथेच होते.

कोकणचा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. मुरूडच्या दक्षिणेस राजापुरीची खाडी, मग सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्री नदीची जयगड खाडी अशा चार खाड्या या वाटेवर आडव्या येतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड येथे मोटारीसह पैलतीरी नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. खाडी ओलांडायला थोडी मिनिटे लागतात. परंतु बोट नुकतीच सुटलेली असेल किंवा सुट्टीची रांग असेल, तर तास सहज जातो. दाभोळची बोट चुकली, तर खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडतो. त्यात अरुंद, चढउताराचे रस्ते. तासाला तीस किलोमीटरहून अधिक वेग येथे गृहीत धरू नये.

हिवाळ्यात कोकणात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. ज्या घरात आजी-आजोबांचा चौविहार आहे, तेथे हा निसर्गाचा तपशील राहत नाही. दिवसाची सीमारेषा ठरतो. पाच वाजता कुटुंब जेट्टीवर अडकले, तर वृद्धांच्या वाट्याला उपवास येतो, तोही अनिच्छेने. म्हणून मुक्कामी पोहोचण्याची वेळ दुपारी चारची धरावी. भांडवलातून जसा राखीव निधी बाजूला काढतात, तसे रोजचे दोन तास राखून ठेवावेत. ते उरले, तर समुद्रकिनारा आहेच.

या हिशेबाने पाच दिवसांचा बेत सुखाचा होतो. पहिल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तेथून अलिबाग, रेवदंडा, काशीद करून मुरूड. दुसऱ्या दिवशी दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वरला. तिसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ले, हर्णै करून दापोली. हर्णैच्या बंदरावर सायंकाळी मासळीचा लिलाव भरतो. तो टाळायचा असल्यास सुवर्णदुर्ग चौथ्या दिवशी सकाळी पाहावा आणि मग दाभोळमार्गे गुहागर गाठावे. पाचव्या दिवशी जयगड, गणपतीपुळे आणि समुद्राला बिलगून जाणाऱ्या आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. परतीला महामार्ग आहेच.

दुसरा हिशेब भरतीचा. तो पंचांगातून मांडता येतो आणि किनाऱ्यावरची माणसे तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच करतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचा अंक धरून सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी बेताचे चढते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर हे गणित जिवाशी निगडित आहे. खडकांमधून पायऱ्या उतरून जाणारी ती वाट समुद्राच्या अगदी कडेने जाते आणि भरतीला लाटांखाली येते. पौर्णिमेच्या सुट्टीत दुपारी बाराला मुलांना घेऊन तेथे उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. गणित केल्यावरही स्थानिकांना विचारावे आणि त्यांचा नकार अखेरचा मानावा.

भोजनाची चिंता फारशी नको. किनाऱ्यावरील गावांत घरगुती शाकाहारी खाणावळी आहेत. मात्र कांदा, लसूण, बटाटा नको हे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून स्पष्ट सांगावे. सोलकढीत व कुळथाच्या पिठल्यात लसूण असतो, हे विसरू नये. घावन, तांदळाची भाकरी, ओल्या नारळाची चटणी हे सहज मिळते. उकळलेल्या पाण्याची व्यवस्था आणि साडेपाचला ताट हवे असल्याची सूचनाही त्याच वेळी द्यावी. दुसऱ्या दिवशीच्या फेरीबोटीची वेळ मुक्कामी विचारून घ्यावी, इंधन मोठ्या गावातच भरावे आणि थोडी रोकड जवळ बाळगावी.

दिवसाला किलोमीटर कमी झाले, याची खंत नसावी. चारला मुक्काम, साडेपाचला भोजन आणि त्यानंतर वाळूवर बसून तीन पिढ्यांनी एकत्र पाहिलेला सूर्यास्त, एवढी जमा बाजू या प्रवासाला पुरेशी आहे.