हौसेची बटणे करा, पण जपून!

कुर्त्याला शोभेल असे बटण दुकानात मिळत नाही, ही शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीची तक्रार असते. त्यावर उपाय म्हणून अनेक भगिनी ‘पॉलिमर क्ले’ आणून घरच्या घरी रंगीबेरंगी बटणे करतात. हौस भागते आणि चार पैसेही मिळतात. छंद चांगलाच आहे. पण हे काम बहुधा स्वयंपाकघरात आणि मुलांच्या गराड्यात चालते. म्हणून आरोग्याच्या दृष्टीने काही गोष्टी समजून घेणे जरुरीचे आहे.

माती नव्हे, प्लॅस्टिक

नाव ‘क्ले’ असले तरी हिच्यात माती नसते. आपल्या घरातील पाण्याचे पाइप ज्याचे असतात, त्या पीव्हीसी प्लॅस्टिकची बारीक पूड, ती मऊ राहावी म्हणून घातलेले तेलकट रसायन आणि रंग यांचा हा गोळा असतो. कच्चा गोळा काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला, तर डबीचा तळ चिकट होतो. हे त्या रसायनाचेच काम. मळताना तेच आपल्या हातालाही लागते.

या कामासाठी पूर्वी ‘थॅलेट’ वर्गातील रसायने सर्रास वापरली जात. त्यांपैकी काही शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात असे आढळल्याने, मुलांच्या खेळण्यांतील त्यांचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर नसावे, असे कायदे युरोपीय संघाने २००५ साली आणि अमेरिकेने २००८ साली केले. म्हणून सुटा, बिननावाचा माल घेऊ नये. पाकिटावर ‘थॅलेटमुक्त’ लिहिले आहे का, ते पाहावे. काम करताना खाणे-पिणे टाळावे आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. ज्या पोळपाट-लाटण्यावर क्ले लाटली, ते पुन्हा पोळ्यांसाठी वापरू नये.

कृती आणि भाजणी

गोळा चांगला मळून साधारण ३ मिलिमीटर जाडीचा लाटावा. बाटलीच्या झाकणाने चकत्या पाडाव्यात आणि भाजण्यापूर्वीच जाड सुईने दोन भोके पाडावीत. मग साध्या फरशीच्या तुकड्यावर ठेवून ओव्हनमध्ये भाजावे. तापमान पाकिटावर लिहिलेले असेल तेवढेच, म्हणजे बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअस ठेवावे. वेळही पाकिटावर दिलेलीच पाळावी.

खरा धोका येथेच आहे. भजी तळताना तेल १७० अंशांच्या पुढे तापते. मग गॅसवरच्या कढईत किंवा वाळू घातलेल्या कुकरमध्ये तापमान कुठे जाईल, याचा नेम नाही. पीव्हीसी जळू लागले की हायड्रोजन क्लोराइड हा वायू सुटतो. डोळे, घसा आणि श्वासनलिका ओलसर असतात. तेथे या वायूचे आम्ल बनते आणि जळजळ, खोकला, धाप सुरू होते. दमेकऱ्यांना याचा फार त्रास होतो. तेव्हा कढई, कुकर, मायक्रोवेव्ह वापरू नयेत. शक्य असेल तर खाण्याच्या पदार्थांसाठी न वापरला जाणारा वेगळा छोटा ओव्हन ठेवावा व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बटणे करपलीच, तर ओव्हन बंद करून सर्वांनी खोलीबाहेर जावे. धाप थांबत नसेल तर डॉक्टरांना गाठावे.

तयार बटण घासायचे असल्यास पॉलिश पेपर ओला करून घासावे, म्हणजे बारीक धूळ नाकात जात नाही. इस्त्री बटणावरून फिरवू नये.

लहान मुलांपासून दूर

तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते. फळासारखे किंवा गोळीसारखे दिसणारे बटण त्याला खाऊच वाटतो. म्हणून तान्ह्याच्या झबल्याला आपले जुने बंदच बरे.

बटण घशात अडकले आणि मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आंधळेपणाने घशात बोट घालू नये, केळे किंवा पाणी देऊ नये. आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वेळ दवडू नये. वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. वस्तू बाहेर येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. मोठ्या मुलाला पाठीत पाच थापा मारून, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत व वर दाबावे. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा.

मुलाने बटण गिळले व त्रास काहीच नसला, तरी डॉक्टरांना दाखवावे. ते बटण नसून घड्याळाचा चपटा सेल असण्याची शंका असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही तिला भाजू शकतो.

काम संपले की बटणे मोजून डब्यात ठेवावीत आणि डबा वरच्या फळीवर. एवढी सवय लावली, तर हौसेला गालबोट लागणार नाही.