रेडिओहेड

रेडिओहेड हा इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यातील ॲबिंग्डन येथे १९८५ साली सुरू झालेला रॉक बँड आहे. थॉम यॉर्क (गायन, गिटार, पियानो), जॉनी ग्रीनवूड (गिटार, कीबोर्ड व इतर वाद्ये), कॉलिन ग्रीनवूड (बास गिटार), एड ओब्रायन (गिटार, सहगायन) आणि फिलिप सेलवे (ड्रम) हे त्याचे सदस्य आहेत. सध्याचे नाव धारण केल्यापासून या पाच जणांत एकदाही बदल झालेला नाही. निर्माते नायजेल गॉडरिच आणि मुखपृष्ठकार स्टॅनली डॉनवूड हे १९९० च्या दशकापासून बँडचे कायमचे सहकारी आहेत. गिटारप्रधान अल्टरनेटिव्ह रॉकपासून सुरुवात करून पुढे इलेक्ट्रॉनिक संगीत, जॅझ आणि वाद्यवृंदरचना यांचा अंगीकार करणारा बँड म्हणून रेडिओहेड ओळखला जातो.

स्थापना व नामकरण

पाचही सदस्य ॲबिंग्डन स्कूल या मुलांच्या शाळेचे विद्यार्थी होते. शाळेच्या संगीतकक्षात त्यांचा सराव शुक्रवारी होत असे, त्यामुळे बँडचे पहिले नाव 'ऑन अ फ्रायडे' असे होते. पुढे उच्च शिक्षणासाठी सदस्य वेगवेगळ्या ठिकाणी गेले, तरी सुट्ट्यांमध्ये एकत्र येऊन सराव चालू राहिला. १९९१ साली ईएमआय कंपनीने त्यांच्याशी सहा अल्बमांचा करार केला. त्या वेळी कंपनीच्या आग्रहावरून नाव बदलण्यात आले. 'रेडिओहेड' हे नाव अमेरिकन बँड टॉकिंग हेड्सच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे.

'क्रीप' आणि 'द बेंड्स'

सप्टेंबर १९९२ मध्ये प्रकाशित झालेल्या 'क्रीप' या पहिल्या सिंगलकडे ब्रिटनमध्ये प्रारंभी दुर्लक्ष झाले. परदेशांत ते गाजल्यानंतर १९९३ साली त्याचे पुनःप्रकाशन झाले आणि ब्रिटिश क्रमवारीत ते सातव्या स्थानी पोहोचले. याच वर्षी 'पाब्लो हनी' हा पहिला अल्बम आला. मात्र एकाच गाण्याचा बँड अशी ओळख रूढ होऊ लागल्याने सदस्य अस्वस्थ झाले. 'माय आयर्न लंग' हे गाणे याच अस्वस्थतेतून निर्माण झाले. जॉन लेकी यांची निर्मिती असलेल्या 'द बेंड्स' (१९९५) या दुसऱ्या अल्बममध्ये तीन गिटारींची गुंफण आणि यॉर्क यांचा वरच्या पट्टीतील आवाज यांतून बँडची स्वतंत्र शैली आकारास आली.

'ओके कॉम्प्युटर'

'ओके कॉम्प्युटर' (१९९७) या अल्बमचे बरेचसे ध्वनिमुद्रण बाथ शहराजवळील सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात झाले. यंत्रयुगातील एकाकीपणा, प्रवास आणि ग्राहकसंस्कृती हे त्यातील प्रमुख विषय आहेत. 'पॅरानॉइड अँड्रॉइड' हे सहा मिनिटांहून अधिक लांबीचे, अनेक खंडांत विभागलेले गाणे सिंगल म्हणून काढण्यात आले आणि ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अल्बमला सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह संगीत अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

'किड ए' : दिशाबदल

प्रदीर्घ दौऱ्यानंतर यॉर्क यांना मानसिक थकव्याने ग्रासले आणि गिटारवर आधारित गीतरचना त्यांना नकोशी झाली. एफेक्स ट्विन, ऑटेकर आदी इलेक्ट्रॉनिक संगीतकारांचा प्रभाव घेऊन तयार झालेल्या 'किड ए' (ऑक्टोबर २०००) मध्ये सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि फ्रेंच बनावटीचे ओंद मार्तनो हे वाद्य पुढे आले. 'इडिओटेक' या गाण्यात संगणकीय संगीताचे रचनाकार पॉल लान्स्की यांच्या १९७० च्या दशकातील रचनेचा तुकडा वापरला आहे. या बदलात प्रत्येक सदस्याला स्वतःची भूमिका नव्याने शोधावी लागली, कारण काही गाण्यांत गिटारला स्थानच उरले नव्हते. एकही सिंगल न काढता हा अल्बम ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. याच सत्रांतील उर्वरित गाणी 'ॲम्नीझिॲक' (२००१) मध्ये आली. 'हेल टु द थीफ' (२००३) मध्ये गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांचा मेळ घालण्यात आला. या अल्बमबरोबर ईएमआयशी झालेला करार संपला.

'इन रेनबोज' व वितरणाचा प्रयोग

१० ऑक्टोबर २००७ रोजी बँडने 'इन रेनबोज' हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावरून प्रसृत केला. किंमत श्रोत्याने ठरवायची होती आणि काहीही न देता तो उतरवून घेण्याचीही मुभा होती. बेकायदा डाउनलोडमुळे ध्वनिमुद्रण उद्योग अडचणीत असताना झालेल्या या प्रयोगाने कलावंत, कंपनी आणि श्रोता यांच्या आर्थिक नात्याविषयी मोठी चर्चा घडवून आणली. त्यानंतर सीडीच्या रूपात बाजारात आलेला हाच अल्बम ब्रिटन आणि अमेरिकेत अग्रस्थानी राहिला.

उत्तरकाळ

'द किंग ऑफ लिम्ब्स' (२०११) हा ध्वनितुकड्यांच्या आवर्तनांवर आधारलेला आहे. 'अ मून शेप्ड पूल' (२०१६) मध्ये लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांना प्रमुख स्थान आहे. १९९५ पासून मैफलींत गायले जाणारे 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणे स्टुडिओ ध्वनिमुद्रणाच्या रूपात प्रथम याच अल्बममध्ये समाविष्ट झाले. २०१९ साली बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २०१८ नंतरच्या दीर्घ खंडानंतर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बँडने माद्रिदपासून युरोपातील मैफली पुन्हा सुरू केल्या.

सदस्यांचे स्वतंत्र कार्य

जॉनी ग्रीनवूड यांनी 'देअर विल बी ब्लड' आणि 'फँटम थ्रेड' यांसह अनेक चित्रपटांना पार्श्वसंगीत दिले आहे. २०१५ साली त्यांनी शाय बेन त्झुर आणि राजस्थानी वादक-गायकांसह जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात 'जुनून' या अल्बमचे ध्वनिमुद्रण केले. यॉर्क, ग्रीनवूड आणि ड्रमवादक टॉम स्किनर यांच्या 'द स्माइल' या बँडचा पहिला अल्बम २०२२ मध्ये प्रकाशित झाला.