बोटातलं कलम

दाराच्या फटीत करंगळी सापडते आणि एक्स-रे पाहताना डॉक्टर मोडलेल्या हाडाआधी त्यातली पोकळी दाखवतात. ‘ट्यूमर’ शब्द ऐकल्यावर करोलबागेतल्या मराठी घरातून मुंबईला फोन जातो: टाटाला दाखवायचं का?

बहुतेकदा ती वेळ येत नाही. हाताच्या हाडातच सुरू होणाऱ्या गाठींत सर्वाधिक आढळणारी एनकॉन्ड्रोमा ही कूर्चेची साधी गाठ असते. ती हाड आतून पोखरते, म्हणून किरकोळ धक्क्यानंही ते मोडतं. एकटीदुकटी गाठ कर्करोगात बदलणं फारच विरळ. ऑलिए किंवा माफुची विकारात मात्र अनेक हाडांत गाठी असतात. तिथे धोका वाढतो आणि आयुष्यभर तपासण्या चुकत नाहीत. जायंट सेल ट्यूमरही सहसा कर्करोग नव्हे, पण हातात तो पुन्हा उगवण्यात पटाईत. म्हणूनच शस्त्रक्रियेत खरवडून काढलेला ऐवज पॅथॉलॉजीकडे जातो.

आता पोकळी बोन ग्राफ्टनं, म्हणजे हाडाच्या कलमानं भरायची. ‘हाडाचं कलम’ म्हटलं की डोळ्यांपुढे हापूस येतो, आणि इथेच घोळ होतो. आंब्याचं कलम स्वतः वाढतं. हाडाचं कलम म्हणजे बांधकामाची परांची. शरीर तिच्या आधारानं नवं हाड रचतं आणि जुनं हळूहळू विरघळवून टाकतं.

‘दुसऱ्याचं हाड शरीर फेकून देईल’ ही भीतीही फारशी खरी नाही. बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडातून चिमूटभर चुरा घेतात. कमरेची जखम बोटापेक्षा जास्त दुखते, हे मात्र आधीच सांगायला हवं! हाडांच्या बँकेतलं (बोन बँक) हाड पुष्कळदा खुबा बदलताना काढलेल्या सांध्याच्या गोळ्याचं असतं. त्यातल्या पेशी प्रक्रियेत नष्ट होत असल्यानं मूत्रपिंड प्रत्यारोपणासारखी जुळणी किंवा कायमच्या गोळ्या लागत नाहीत. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या आवारातल्या ‘नोटो’ या राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे ऊतींसाठी राष्ट्रीय केंद्र आहे; १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीनं ऊतीही आल्या.

आणि ग्राफ्ट लागतोच असंही नाही. लहान एनकॉन्ड्रोमा नुसती खरवडली तरी पोकळीत रक्त साकळून हाड भरतं. दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे आल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘ग्राफ्ट कशासाठी?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

खरी डोकेदुखी बहुधा नंतरची, आखडलेल्या सांध्याची. परवानगी मिळताच बोट वाकवायला लागावं. मऊ चेंडू दाबत, पुढे कणीक मळत.